म्हाताऱ्यांची हजेरी

(पेडगाव, जिल्हा परभणी, येथे वयस्कर मंडळींपुढे केलेले भाषण)

आज आपल्याला म्हातारपणावर बोलायचे आहे. विषय ऐकून चार माणसे उठून जातील असे आम्हाला वाटले होते. कोणीच उठले नाही. कारण उघड आहे. इथे बसलेल्या प्रत्येकाला वाटते, हा विषय आपल्या शेजाऱ्याचा आहे.

हसा, पण खरे आहे ते. आम्ही शाळेतून निवृत्त झालो त्याला काही वर्षे झाली. डोक्यावर काळा केस शोधावा लागतो. तरी एसटीत एखादा पोरगा उठून "बाबा, बसा" म्हणाला, की आम्ही मागे वळून पाहतो. कोणत्या बाबांना म्हणतो आहे हा? मागे कोणीच नसते.

जुन्या काळी म्हातारी माणसे थोडी होती. देश स्वतंत्र झाला तेव्हा आपल्याकडे माणसाचे सरासरी आयुष्य बत्तीस-तेहतीस वर्षांच्या आसपास होते. याचा अर्थ सगळेच तिशीत मरत असत असा नाही. लहान लेकरे फार दगावत. बायका बाळंतपणात जात. पटकी, देवी, हिवताप यांनी तरणीताठी माणसे जात. त्यातून वाचला तो म्हातारा होई. आता सरासरी आयुष्य सत्तर वर्षांवर आले आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची दहा कोटींहून अधिक माणसे होती. आपल्या महाराष्ट्रात शंभर माणसांत जवळजवळ दहा जण साठीच्या वरचे होते. त्यानंतर हा आकडा वाढतच गेला आहे.

म्हणजे आयुष्य वाढले. लस आली, दवाखाना आला, धान्य आले. तुमच्यातल्या पुष्कळांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. खडी फोडली आहे, सुकडी खाल्ली आहे, मिलोची लाल भाकर खाल्ली आहे. त्या दिवसांत कोणाला वाटले होते, की आपण पंच्याहत्तरी पाहू? पण पाहिली. आता त्या वाढलेल्या वर्षांत दिवसभर करायचे काय, हे मात्र कोणी सांगितले नाही.

बाईचे म्हातारपण वेगळे आणि गड्याचे वेगळे. म्हातारी झाली तरी बाई चुलीपासून सुटत नाही. डोळ्यांना दिसेना तरी दाण्यांतले खडे ती हाताने चाचपून काढते. नातवंड रडले की आधी तिच्याकडे देतात. तिला विसावा नाही, आणि हे चांगले आहे असे आम्ही म्हणत नाही. पण घरात तिचे काम नाही असे कधी होत नाही. गड्याचे मात्र तसे होते. त्याला कोणी तोंडाने सांगत नाही. त्याला ते आपोआप कळते.

कसे कळते? पेरणीचेच पाहा. बैलांची तिफण होती तेव्हा मिरगाचा पाऊस झाला की घरातला म्हातारा रानात जाई. मातीचा मुटका करून पाही. ओल किती खोल गेली, वाफसा झाला की नाही, हे तो सांगे. "आज नको, उद्या दुपारून धरा," असे तो म्हणाला, की तिफण उद्याच धरली जाई. चाड्यावर मूठ कशी सोडायची हेही तोच दाखवी. आता ट्रॅक्टरवाला येतो. त्याला पाच जणांची शेते उरकायची असतात. तो येईल ती पेरणीची वेळ. म्हातारा बांधावर उभा राहतो. त्याला कोणी टाकून बोलत नाही. फक्त विचारत नाही.

मग हळूहळू व्यवहार मुलाकडे जातो. बँकेचे पुस्तक त्याच्याकडे. खताचा दुकानदार म्हणतो, "बाबा, तुम्ही कशाला आलात, दादाला पाठवा." तो आदरानेच म्हणतो. धाकटा मुलगा इथल्याच स्टेशनावरून गाडीत बसतो आणि छत्रपती संभाजीनगरला नाहीतर पुण्याला जातो. त्याचा फोन येतो. "जेवलात का? गोळ्या घेतल्या का?" म्हाताऱ्याला सांगायचे असते, की विहिरीवरचा लिंब एका बाजूने वाळायला लागला आहे. पण तोवर फोन बंद होतो.

बायको मागे टाकून गेली असेल तर हाल विचारू नका. बाईला शेजारीण असते, बहीण असते, विहिरीवरची सोबतीण असते. गड्याचे तसे नसते. तो साऱ्या गावाशी पावसापाण्याचे बोलतो, पण मनातले बोलतो एका बायकोजवळ. ती गेली की त्याचे ते बोलणेच बंद होते. चहा मागायला सुद्धा तो सुनेच्या तोंडाकडे पाहत बसतो. तीही बिचारी काय करील? सासरा दिवसभर ओसरीवर बसलेला. आला-गेला त्याच्या नजरेखालून. तिला डोक्यावरचा पदर सोडून क्षणभर निवांत बसता येत नाही. दोघेही एकमेकांना त्रास देत नाहीत आणि दोघांनाही त्रास होतो.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, गावाला पार आहे की. म्हाताऱ्याने पारावर जाऊन बसावे."

बरोबर आहे. पार ही फार मोठी सोय होती आणि आजही आहे. झाडाची सावली, दगडी ओटा, रस्त्यावरून येणारे-जाणारे. आपल्या वाडवडिलांनी म्हाताऱ्या माणसाची दिवसभराची सोय शेकडो वर्षांपूर्वी करून ठेवली होती. पाराची निंदा आम्ही कधी करणार नाही.

पण पाराच्या उणिवाही बोलल्या पाहिजेत. आपल्या परभणीकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. दगड तापतो, तो रात्रीपर्यंत निवत नाही. पावसाळ्यात ओटा ओला. ज्याला काठी लागते त्याला पाराच्या पायऱ्या चढवत नाहीत. ज्याला कमी ऐकू येते तो मोटारसायकलींच्या आवाजात नुसता तोंडांकडे पाहत बसतो. आणि पत्ते! एक डाव गमतीने सुरू होतो, तिसऱ्या डावाला पैसे लागतात, आणि संध्याकाळी बाटली येते. मग सुनेनेच काय, बायकोनेही म्हणावे, "पारावर जाऊ नका."

आणखी एक गोष्ट. ती बोलायला जड जाते, तरी बोलतो. जुना पार सगळ्या गावाचा नव्हता. गावोगाव असे होते, की काही वस्त्यांच्या माणसांनी पारापासून दूर उभे राहून बोलावे. त्यांनी ओट्याला टेकू नये. १९५० साली राज्यघटना लागू झाली आणि अस्पृश्यता कायद्याने गेली. पण ज्या माणसाने लहानपणी आपल्या बापाला उन्हात उभे राहिलेले पाहिले, तो सत्तरीत पारावर येऊन मोकळेपणाने बसेल का? तो घरीच बसतो. त्याचे म्हातारपण दुप्पट एकटे. म्हणून म्हाताऱ्यांना बसायला जी नवी जागा करायची, तिथे सतरंजी एक आणि पाण्याचा माठ एक, ही पहिली अट. ती ज्याला मान्य नाही त्याने आपल्या ओसरीवर बसावे.

अशा नव्या जागा आता शहरांत झाल्या आहेत. त्यांना विरंगुळा केंद्र म्हणतात. पुण्याला, ठाण्याला, नव्या मुंबईला आहेत आणि लहान शहरांतही झाल्या आहेत. नगरपालिका किंवा महानगरपालिका जागा देते. ज्येष्ठ नागरिकांचा संघ ती चालवतो. रात्री राहायचे नाही. तो वृद्धाश्रम नव्हे. सकाळी यायचे, दोन-तीन तास बसायचे, जेवायला घरी जायचे. वाटले तर संध्याकाळी पुन्हा यायचे.

आमचे एक स्नेही मुलाकडे शहरात राहायला गेले. त्यांच्याकडे आम्ही आठ दिवस होतो. रोज त्यांच्याबरोबर अशा एका केंद्रात जाऊन बसलो. तिथे जे पाहिले ते तुम्हाला सांगतो.

खोली काही मोठी नव्हती. भिंतीला लागून खुर्च्या. मध्ये कॅरमचा पट. एका टेबलावर चार वर्तमानपत्रे. दाराजवळ चपला ठेवायची फळी. पहिल्या दिवशी आम्ही रिकामी दिसली त्या खुर्चीवर बसलो, तर सगळे गप्प झाले. स्नेही कानाशी येऊन म्हणाले, "ती कारखान्यातल्या फोरमनची खुर्ची आहे, उठा." खुर्चीवर नाव नव्हते. पण प्रत्येकाची जागा ठरलेली. आम्हाला आमच्या वर्गातली पहिलीची पोरे आठवली. तीही अशीच पाटी ठेवून जागा धरतात.

नऊ वाजता एक जण मोठ्याने वर्तमानपत्र वाची. ज्यांना दिसत नाही ते ऐकत. मग वाद. कांद्याचा भाव, निवडणूक, क्रिकेट. पेन्शनवाला पेन्शनवर बोले. गिरणीत काम केलेला एक जण १९८२ च्या संपाची गोष्ट रोज सांगे. रोज तीच गोष्ट. कोणी त्याला थांबवीत नसे. घरी नातू म्हणतो, "आजोबा, हे सांगून झालंय." केंद्रात तसे कोणी म्हणत नाही, कारण प्रत्येकाजवळ अशी एक गोष्ट असते आणि प्रत्येकाला आपली पाळी हवी असते.

तिथे आम्हाला एक मौज दिसली. नव्याने येणारा माणूस कधीच म्हणत नाही, की मी माझ्यासाठी आलो. "आमच्या शेजाऱ्यांना सोबत म्हणून आलो," "पेपर वाचायला आलो," "जरा सावलीला टेकलो." पंधरा दिवस तो चपला पायांतच ठेवून दाराजवळ बसतो. एकदा चपला फळीवर ठेवल्या, की समजावे, आता हा रोज येणार.

असाच एक शेतकरी तिथे येत असे. आपल्याच मराठवाड्याकडचा. मुलाने गावाकडून नेलेला. पटका, धोतर, हातात काठी. बाकीचे साहेब लोक, त्यांच्या बोलण्यात तो कसा शिरणार? आम्ही त्याला विचारले, "काय बाबा, करमतं का?" तो म्हणाला, "काय करावं बाप्पा. घरी भिंती, इथं खुर्च्या." हे ऐकून आम्हाला वाईट वाटले.

चौथ्या दिवशी काय झाले, केंद्राच्या बाहेर कुंड्या होत्या, त्यांतली रोपे पिवळी पडली होती. साहेब लोक म्हणत होते, खत घालू, औषध घालू. हा म्हातारा उठला. कुंडीत बोट घातले. म्हणाला, "पानी लई झालं. बुडाला भोकच नाही. मुळं कुजून चाललीत." त्याने कुंडी आडवी केली, भोक मोकळे केले, माती बदलायला सांगितली. दोन दिवसांनी त्याच्याभोवती चार जण उभे. एक निवृत्त इंजिनियर वही घेऊन विचारत होता, मोगरा कधी छाटायचा. आम्ही परत निघालो त्या दिवशी तो म्हातारा आमच्याशी बोलायला रिकामा नव्हता. हातात खुरपे होते. मान वर न करता "या, बरं का" म्हणाला.

मंडळी, त्या केंद्रात त्याला कोणी औषध दिले नव्हते, पैसे दिले नव्हते, दयेने विचारपूसही केली नव्हती. त्याला एक गोष्ट विचारली, जी त्याला येत होती. एवढेच झाले. तो तरणा झाला नाही. गुडघे दुखत होते ते दुखतच होते. पण बांधावर उभा राहिलेला म्हातारा आणि हा म्हातारा यांत फरक होता.

त्या केंद्रात एक फळा होता. डाव्या बाजूला त्या महिन्याचे वाढदिवस लिहीत. उजव्या बाजूला, कोणी गेले असेल तर त्याचे नाव लिहीत. आम्ही होतो त्या आठवड्यात दोन्ही बाजूंना नावे होती. सकाळी दोन मिनिटे उभे राहिले. नंतर पेढा वाटला. आम्हाला ते विचित्र वाटले. आमचे स्नेही म्हणाले, "सुरुवातीला मलाही वाटायचं. आता वाटत नाही. घरी मी मरणाचं नाव काढलं, की मुलगा म्हणतो, असं अभद्र बोलू नका. मग मी गप्प बसतो आणि रात्रभर जागा राहतो. इथं आम्ही मोकळं बोलतो. कोणाला कसं आलं, कोणाला किती त्रास झाला. बोललं, की झोप लागते."

हे ऐकून आम्ही बराच वेळ विचार करत होतो.

म्हाताऱ्यांना एकत्र बसवण्याची ही कल्पना दुसरीकडेही रुजली आहे. केरळात ग्रामपंचायती अशी केंद्रे चालवतात. त्यांना तिकडे 'पकल वीडू' म्हणतात. पकल म्हणजे दिवस आणि वीडू म्हणजे घर. दिवसाचे घर. नाव मोठे नेमके आहे. ऑस्ट्रेलिया नावाचा दूरचा देश आहे. तिथे टोंगाला हे दूधधंद्याचे एक छोटे गाव आहे. १९९८ साली तिथे पुरुषांसाठी एक शेड उघडली. शेड म्हणजे आपल्याकडे अवजारे ठेवायला असते तसेच छप्पर. आत करवत, रंधा, हातोडी, लाकूड. म्हाताऱ्या माणसांनी यावे, मोडकी खुर्ची दुरुस्त करावी, मुलांची खेळणी करावी. आज त्या देशात अशा हजाराहून अधिक शेड आहेत. त्यांना काय आढळले? पुरुषाला समोर बसवून "तुमचे दुःख सांगा" म्हटले तर तो सांगत नाही. शेजारी शेजारी उभे राहून दोघे एक फळी तासत असले, की तो खाली पाहत पाहत सगळे सांगतो. आपल्याकडेही तसेच आहे. मोट हाकताना, खळे मळताना जी बोलणी होत, ती ओसरीवर कधी झाली नाहीत.

आणि आपल्याच महाराष्ट्रातली गोष्ट. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे हे लहान गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. योगेंद्र बांगर या शिक्षकांनी ती सुरू केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाठीला दप्तर लावून शाळेत जाऊ लागल्या. पाटीवर अ-आ गिरवू लागल्या. देशभर त्यांचे नाव झाले. आम्ही हे गावोगाव सांगतो तेव्हा बाया खूश होतात आणि गडी मिशीत हसतात. आजोबांची शाळा अशी का निघू नये, असे विचारले, की म्हणतात, "आता या वयात काय लाज काढता, गुरुजी." अहो, लाज कसली? ती आजी पोथीतले एक अक्षर ओळखते आणि तिचा चेहरा उजळतो. तुम्ही अंगठा लपवत बसता. यात लाज कोणाची?

हे पुस्तक वाचणाऱ्यांत पुष्कळ जण अलीकडेच अक्षर शिकलेले आहेत. त्यांना आमचे सांगणे आहे, की तुमच्या अक्षराला गावात काम आहे. शेजारच्या एका गावातले एक गृहस्थ वर्षानुवर्षे श्रावणबाळ योजनेचा अर्ज करीत नव्हते. त्यांना वाटे, ते पैसे भीक मागितल्यासारखे आहेत. एके दिवशी नव्याने वाचायला शिकलेल्या एकाने त्यांना अर्जावरचे शब्द मोठ्याने वाचून दाखवले. त्यावर 'सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना' असे लिहिले होते. ते म्हणाले, "म्हणजे मास्तराला असतं तसं पेन्शन?" दुसऱ्या दिवशी तहसीलला गेले. पासष्ट वर्षे पूर्ण झालेल्या गरीब माणसासाठी ही योजना आहे. २०२३ साली तिची रक्कम महिना १,५०० रुपये झाली.

अशा गोष्टी एकट्याला कळत नाहीत. चार जणांत कळतात. पासष्ट पूर्ण झाली की एसटीचे तिकीट अर्धे, आणि २६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढे प्रवास फुकट. मुले सांभाळत नसतील तर २००७ चा कायदा आहे. प्रांत अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत खर्च मागता येतो. शेत मुलाच्या नावे करून देणार असाल, तर 'सांभाळ करीन' ही अट कागदावर लिहून घ्या. तशी अट असेल आणि मुलाने सांभाळले नाही, तर ते दिलेले रद्द करून मागता येते. बाप-लेकांनी प्रांताच्या दारात उभे राहावे असे आम्हाला वाटत नाही. पण दार कुठे आहे ते माहीत असावे. नुसते माहीत असले तरी घरातले आवाज जरा खाली येतात.

आता जागेचे बोलू. आपल्या गावात अशी बैठक सुरू करायची तर इमारत बांधायला नको. एक कोरडी, हवेशीर खोली पुरे. पण तिच्याजवळ मुतारी पाहिजे. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण याविषयी कोणी बोलत नाही. पुरुषाला लघवीच्या पिशवीखाली एक ग्रंथी असते, तिला प्रोस्टेट म्हणतात. वय झाले की ती बहुधा वाढते. मग घडीघडी उठावे लागते, धार बारीक होते, धोतर ओले होते. या एका भीतीने किती तरी म्हातारे चारचौघांत येणे सोडतात. लग्नाला जात नाहीत, कीर्तनाला बसत नाहीत. घरचे म्हणतात, बाबा विक्षिप्त झाले. बाबा विक्षिप्त झालेले नसतात. त्यांना जवळ आडोसा पाहिजे असतो. यावर औषध आहे, शस्त्रक्रियाही आहे. लघवी अडली किंवा रक्त आले तर एक दिवसही थांबू नका, परभणीला दवाखान्यात जा.

कानांचेही तसेच. ऐकू न येणारा माणूस आधी हसून वेळ मारून नेतो, मग येणे बंद करतो. डॉक्टर आता सांगतात, की ऐकू न येणे आणि माणसांतून उठणे, या दोहोंमुळे विसरभोळेपणाचा आजार होण्याचा धोका वाढतो. एकटेपणाने प्रकृती ढासळते म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली त्यावर एक आयोगच नेमला. तेव्हा कमी ऐकणाऱ्याला भिंतीकडे बसवू नका. मध्ये बसवा. त्याच्याकडे तोंड करून, सावकाश बोला. ओरडू नका. ओरडले की त्याला वाटते आपण रागावलो.

पत्ते खेळा, पण पैसे लावून नाही. तंबाखू बाहेर. दारू प्यालेल्याने त्या दिवशी घरी राहावे, दुसऱ्या दिवशी खुशाल यावे. त्याला कायमचे हाकलू नका. एकटेपणामुळेच तो तिकडे गेलेला असतो, हे पुष्कळ वेळा आम्ही पाहिले आहे.

आणि हाताला काम पाहिजे. नुसत्या गप्पा आठ दिवसांत संपतात. अंबाडीच्या दोऱ्या वळता येतील. बाज विणणारा गावात एखादाच उरला आहे, तो बसेल तिथे दोन पोरे शिकायला बसतील. खुरप्याला, कुऱ्हाडीला दांडा घालता येईल. बियाण्याचे दाणे मोजून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवावेत. शंभरांतले किती उगवले ते पाहून शेतकऱ्याला सांगावे. हे काम तर म्हाताऱ्यांचेच आहे. तरण्याला तेवढा धीर नसतो. शाळेतल्या मुलांना जुन्या रानांची नावे सांगा, जुन्या विहिरी सांगा, बहात्तर साली कोणत्या विहिरीला पाणी टिकले होते ते सांगा. ही माहिती कोणत्याही कचेरीत नाही. तुमच्याजवळ आहे.

आता आमचा हट्ट. शाळेत इतकी वर्षे घालवली, म्हणून तो सुटत नाही. बैठकीला हजेरीपट असावा.

"म्हाताऱ्यांना कसली हजेरी?" असे तुम्ही म्हणाल. शाळेत हजेरी घेताना एखादे पोर गैरहजर असले, की आम्ही विचारीत असू, "का रे, तो का नाही आला?" लगेच चार पोरे उत्तर देत. ताप आला, मामाकडे गेला, कापूस वेचायला गेला. आमच्यापर्यंत त्याची खबर येई. तुम्ही आठ दिवस घराबाहेर पडला नाहीत, तर गावात कोण विचारील? ज्याच्याजवळ याचे उत्तर आहे त्याचे भाग्य. पुष्कळांजवळ नाही. वहीत नाव असेल तर ते मोठ्याने वाचले जाईल. 'हजर' ऐकू आले नाही, तर कोणीतरी मान वर करील. दोन दिवस आला नाही, तर तिसऱ्या दिवशी दोघांनी त्याच्या घरी जायचे. आत जायचे, बसायचे, पाणी प्यायचे. नुसते दारातून विचारून परत यायचे नाही.

वही आम्ही आणू. सही ज्याची त्याने करायची. अंगठा चालणार नाही. ज्याचे अक्षर अजून बसले नाही, त्याच्या शेजारी अक्षर आलेल्याने बसावे, पण हात धरून लिहू नये. तांबडी शाई आम्ही आणणार नाही, ती भीती नको.

जागेचे आठ दिवसांत ठरेल. तोवर येत्या सोमवारी सकाळी नऊ वाजता, ऊन चढण्याआधी, पारावरच जमू. ज्याला दोरी वळता येते त्याने अंबाडी आणावी. ज्याला वाचता येते त्याने चष्मा विसरू नये. आणि तुमच्या आळीत महिना-दोन महिने घराबाहेर न पडलेला कोणी म्हातारा असेल, तर येताना त्याला हाताला धरून आणा. पायऱ्या चढवत नसतील तर खाली खाट टाकू. आपण सगळे खालीच बसू.